हौदातला आकडा

"आमच्या सिंधूचा आकडा फुटत न्हाई," धोंडाबाईनं घागर खाली टेकवली आणि टँकरच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगून टाकलं.

तिच्या पुढं रत्नम्मा उभी होती. बिदरकडची लेक, या गावात सून होऊन आली तेव्हापासून धोंडाबाईची शेजारीण, आणि तेव्हापासूनच भांडणातली जोडीदारीण. ती मागं वळूनही न बघता म्हणाली, "यव्वा! फुटत न्हाई म्हंजे? नारळ हाय का काय त्यो?"

"नारळ परवडला. त्यो तरी फुटतो."

"आन् न फुटणाऱ्याचं करायचं काय? लोणचं घालायचं?"

रांग हसली. धोंडाबाई पण हसली, पण हसण्यावारी नेणाऱ्यातली ती नव्हती. पदराची गाठ सोडून तिनं भाजलेल्या शेंगा काढल्या आणि सात मोजून रत्नम्माच्या तळहातावर ठेवल्या.

"वाट. सारख्या वाट. दोघींत?"

"एक उरती."

"तिघींत?"

"तरीबी एक उरती."

"चौघींत वाट, पाचजणींत वाट, सहाजणींत वाट. काही ना काही उरतंयच. एकतर सातजणींना एकेक दे, न्हाईतर एकटीच साती खा. तिसरी वाट न्हाई. असल्या आकड्याला मूळ संख्या म्हणत्यात. सहा मातर फुटका. दोघींत तीन-तीन, मोकळा झाला."

रत्नम्मानं एक शेंग फोडून तोंडात टाकली. "घ्या, आता तुमचा सातबी फुटका झाला."

"खा, खा. सिंधूचा आकडा तुला खाऊन संपायचा न्हाई. सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस." धोंडाबाईनं हे एका दमात म्हटलं, कारण मधे थांबलं की घसरायला व्हायचं. "एवढ्या शेंगा आणल्या आन् सारा लातूर जिल्हा पंगतीला बसवला, तरी सारख्या वाटून व्हायच्या न्हाईत. आन् ह्येच्यावर कडी आयक. शेवटचा अंक पुसून टाक. उरला त्योबी फुटत न्हाई. अजून एक पूस. त्योबी न्हाई. पुसत पुसत ये पार सातापर्यंत. एकबी फुटत न्हाई."

"आन् ह्ये बघितलं कुणी?"

"आमची सिंधू बघून राहिली. हौदात बसून."

आता धोंडाबाईची सून हौदात का बसते, हे गावाला ठाऊक होतं. तरीपण नव्यानं ऐकणाऱ्याला सांगायलाच पाहिजे.

हौद धोंडाबाईच्या अंगणातला. बहात्तरच्या दुष्काळात टँकर गावाच्या पारापाशी थांबायचा, आणि बौद्धवाड्यातल्या बायकांच्या घागरी सगळ्यांच्या नंतर. ज्ञानोबा, धोंडाबाईचा नवरा, तेव्हा खडी फोडायला जायचा. मूळचा तो गवंडी. गाव त्याला ग्यानोबाच म्हणायचं. रोजगारावरून येऊन त्यानं दगड जमवले आणि स्वतःच्या अंगणात छातीएवढा हौद बांधला. म्हणाला, "आता टँकरला हितं यावं लागंल. एवढा मोठा हौद सोडून त्यो जातो कुठं बघू." आणि टँकर आला. त्या हौदाचं पाणी वाड्यानं प्यालं, आणि पाराकडच्या बायकांचा टँकर चुकला की त्यांनीही तिथंच घागर बुडवली. धोंडाबाईनं कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त घागर भरेपर्यंत कमरेवर हात ठेवून ती शेजारी उभी राहायची, इतकंच.

मग चांगली वर्षं आली, हौदाला कोपऱ्यात चीर गेली, आणि तो कोरडा पडून राहिला.

यंदा पुन्हा पाऊस रुसला. त्याच साली उस्मानाबाद जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि उदगीरसकट हे गाव नव्या लातूर जिल्ह्यात आलं. ग्यानोबा म्हणायचा, "लहानपणी बिदर जिल्ह्यात होतो, लग्न झालं तवा उस्मानाबादमधी, आता लातूरमधी. बसल्या जागी तिसरा जिल्हा पाहिला. जिल्हा वाटता येतोय त्यांना, पाणी तेवढं वाटता येत न्हाई." दिवाळी सरली आणि विहिरींनी तळ दाखवला. टँकर सुरू झाला. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं: ७३९३.

सिंधू नांदेडची. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. तिच्या बापानं, रामकिशन सोनकांबळ्यांनी, लग्नात दुसरं काही दिलं नाही, पण बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरीला गणित येतं. ते तेवढं सांभाळा." धोंडाबाईनं ते हुंड्यासारखं पदरात घेतलं होतं. नरसिंग, धोंडाबाईचा लेक, एस.टी.त कंडक्टर, उदगीर-नांदेड गाडीवर असायचा. आणि मित्रा, म्हणजे संघमित्रा, या दोघांची लेक, नुकतीच रांगायला लागलेली.

टँकरची वाट बघत रांगेत उभं राहिलं की सिंधू त्या ७३९३ कडं बघत बसायची. लेकरू कडेवर, घागर पायाशी, आणि डोक्यात भागाकार. एक दिवस घरी येताना तिनं सासूला सांगितलं, "आत्याबाई, आपला टँकर मूळ संख्या आहे."

"म्हंजे सरकारी न्हाई?"

सिंधू इतकी हसली की घागर हिंदकळली. मग तिनं ओट्यावर बसवून शेंगा मांडून समजावलं. शेवटचा तीन पुसला की ७३९, तो फुटत नाही. नऊ पुसला की ७३, तो पण नाही. आणि मग सात. धोंडाबाईला ते एकदम पटलं. दुष्काळ असाच तर एकेक काढून घेतो. आधी विहीर, मग बैल, मग हातातलं काम. आणि मागं राहिलेलं माणूस न फुटता उभं राहिलं तर त्याला माणूस म्हणायचं.

"मागून काढता येतं, तर मागून लावताबी येत असंल की," ती सहज बोलून गेली.

सिंधूनं तिच्याकडं बघितलं, उठली, आणि कोळसा शोधायला गेली.

तिथून ते सुरू झालं. ७३९३ च्या पुढं नऊ लावला, तर फुटला नाही. त्याच्या पुढं एक, तीन, सात, नऊ, काहीही लावलं तरी चारही वेळा फुटला नाही! सिंधू त्या दिवशी भाकरी थापता थापता मधेच हसत होती. धोंडाबाईनं हा हिशेब आपल्या परीनं बसवला: टँकरला एक लेक, त्या लेकाला चार लेकरं, चौघांतल्या दोघांचाच वंश पुढं चालला, त्यांची मिळून तीन लेकरं, आणि सगळ्यांत मिळून पुढं फक्त एकच दिसत होता. तो आठ अंकी. सात तीन नऊ तीन, नऊ एक तीन तीन. चार-चारच्या दोन ठेक्यांत तो बसायचा, म्हणून मित्राला मांडीवर थोपटताना धोंडाबाईच्या तोंडी तोच यायचा. पोरगी दुसऱ्या तीनापर्यंत झोपायची.

पण तो फुटत नाही हे ठरवायला कामच काम होतं. आठ हजार पाचशे सत्त्याण्णवपर्यंतच्या एकूणएक मूळ संख्येनं त्याला भागून बघायचं. "तेवढ्यावरच का थांबायचं?" धोंडाबाईनं विचारलं होतं. सिंधू म्हणाली, "फोडणारे जोडीनंच येतात, आत्याबाई. एक थोरला, एक धाकटा, आणि धाकटा याच्या पुढचा असूच शकत नाही. इथपर्यंत धाकटा सापडला नाही, तर थोरला येणार कुणाबरोबर?"

वहीत लिहायला गेली तर मित्रा वही ओढायची. एकदा तर पान खाऊनच टाकलं. खाली सोडली की चुलीकडं रांगत सुटायची. मग सिंधूला कोरडा हौद सुचला. आत गोधडी अंथरली, पोरगी ठेवली, आपण उतरली. छातीएवढ्या भिंती, पोरगी बाहेर जाईल कुठं? पाटीवर भागाकार करायचा, आणि भागणारा आकडा व उरलेली बाकी, एवढंच कोळशानं भिंतीवर मांडायचं. दुपारच्या भांड्यांनंतर, टँकरच्या आधी, लेकरू खुळखुळ्यात रमलं की तेवढ्यात. महिने गेले. मुंग्यांच्या रांगांसारखे आकडे हौदाच्या चारी भिंतींवर चढले.

"ह्ये सारे कोण गं?" एकदा धोंडाबाईनं हौदात वाकून विचारलं.

"हे हरलेले, आत्याबाई. आपला आकडा फोडायला आले आणि बाकी ठेवून परत गेले."

"आन् जिंकलेला?"

सिंधूनं वरच्या अंगाला मोठ्या अक्षरात लिहिलेल्या आठ अंकांवर हात ठेवला. "हा एकटा."

हे धोंडाबाईच्या नीट ध्यानात राहिलं. नको तितकं नीट.

नव्या जिल्ह्यातल्या गणित शिकवणाऱ्यांचा पहिला मेळावा लातूरला भरणार होता, भीमजयंती झाली की दोन दिवसांनी. नरसिंगनं मेळावा भरवणाऱ्या प्राध्यापक अमृतरावांना गाठून बायकोचा आकडा सांगितला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता म्हणे. "कंडक्टरसाहेब, आठ अंकी संख्या मूळ आहे असं नुसतं सांगून चालत नाही. बाकींसकट सगळे भागाकार घेऊन या. खरे निघाले तर मंचावर उभं करतो, त्यांच्या स्वतःच्या नावानं."

"सिंधू रामकिशन सोनकांबळे म्हणतील, का आमच्या घरची सून?" धोंडाबाईनं लटक्या रागानं विचारलं.

"दोन्ही म्हणू," सिंधू म्हणाली. "तुम्ही समोर बसणार ना, मित्राला घेऊन?"

धोंडाबाई लातूरला आजवर गेलीच नव्हती. तिनं निळ्या काठाचं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं. रांगेत रोज सांगितलं. एवढं सांगितलं की रत्नम्मानं त्या आकड्याला 'धोंडाबाईचा जावई' नाव ठेवलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी सिंधू मित्राला लस टोचून आणायला सकाळच्या गाडीनं उदगीरला गेली. जाताना म्हणाली, "झालं सगळं, आत्याबाई. काल शेवटचा पण हरला. आता संध्याकाळी फक्त उतरवून घ्यायचं." यातलं 'झालं' तेवढं धोंडाबाईच्या कानात राहिलं. तालुक्यावरून निरोप होता की हौद दुरुस्त करून चुना मारला तर जयंतीसाठी टँकर पुन्हा अंगणात येऊन हौद भरेल. ग्यानोबानं कोपऱ्यातली चीर सिमेंटनं बुजवायला घेतली. धोंडाबाईनं चुना भिजवला, कुंचा घेतला, पदर खोचला आणि हौदात उतरली.

"सुनंचं लिहिलेलं हाय ते," ग्यानोबा म्हणाला.

"झालंय तिचं. आन् ह्ये हरलेले हायत सारे. जयंतीच्या दिवशी हरलेल्यांना कशाला भिंतीवर ठिवायचं? जिंकल्याला ठिवते."

आणि तिनं ठेवला. चारी भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या, पण त्या आठ अंकांना कुंचा लागू दिला नाही. उलट वाटीत नीळ कालवून, काडीला कापूस गुंडाळून तिनं त्यांच्याभोवती सुबक निळी चौकट काढली. चारी कोपऱ्यांना एकेक फूल. आयुष्यात इतकं मन लावून तिनं काही रंगवलं नव्हतं. एप्रिलच्या उन्हात चुना बघता बघता वाळला.

दुपारी सिंधू आली. टोचल्यामुळं किरकिरणारी मित्रा खांद्यावर. धोंडाबाईनं तिचा हात धरून हौदाशी नेलं. "बघ!"

सिंधूनं बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "किती छान चौकट काढलीत." आणि थोड्या वेळानं, "आत्याबाई, बाक्या?"

"कुठल्या बाक्या?"

"त्या हरलेल्यांच्या."

"त्यांचं काय काम? जिंकला त्यो हाय की."

सिंधू हौदाच्या कठड्यावर बसली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर धोंडाबाईला बरं वाटलं असतं. "तो फुटत नाही हे मी लातूरला कशावरून सांगू? त्याच्या अंगावर तसं काही लिहिलेलं नसतं. कोण कोण येऊन हरलं, एवढाच त्याचा पुरावा."

धोंडाबाईला जत्रेतला कुस्तीचा फड आठवला. कुणी समोर आलंच नाही, तर पहिलवानाला पहिलवान म्हणायचं कसं? हरलेल्यांची पाठ मातीला लागलेली लोकांनी बघितलेली असते, म्हणून तर फेटा बांधतात. आणि तिनं नुसता फेटा ठेवून फडच झाकून टाकला होता. एका सकाळीत. तिच्या लेकरासारख्या सुनेचे महिने.

ती आत गेली, पिण्याच्या घागरीतून तांब्या भरून आणला, हौदात उतरली आणि पाणी भिंतीवर ओतून पदरानं घासायला लागली. पहिल्याच हाताला पांढऱ्या चिखलात काळं मिसळलं.

"घासू नको!" ग्यानोबा ओरडला. पन्नास वर्षांच्या गवंड्याचा आवाज होता तो. "हात काढ आधी! नुसतं भिजू दे."

तिनं हात काढला. पाण्याचा ओघळ खाली उतरत गेला आणि जिथून जिथून उतरला तिथला चुना काचेसारखा होत गेला. मागून, धुक्यातून माणसं यावीत तसे, आकडे आले. एक रांग. मग तिच्याखाली दुसरी.

"एकच हात दिलाय तू," ग्यानोबा कठड्यावरून वाकून म्हणाला. "एक हाती चुना ओला असंपत्तोर आरपार दिसतो. वाळला की झाकतो. दुसरा हात दिला असता तर बसली असती रडत."

सिंधू हौदात उतरली सुद्धा होती. "अहो, वही आणा!" जयंतीसाठी घरी आलेला नरसिंग पेन खोचतच धावला. ती वाचायला लागली, तो लिहायला लागला. तिकिटं फाडून सराव झालेला हात, चुकत नव्हता. पण ऊन म्हणजे ऊन. चार रांगा वाचून होईपर्यंत चुना वाळायचा आणि आकडे परत आत जायचे. घागर अर्धी झाली, मग तळाला गेली. धोंडाबाईनं दुसरी आणली. ती घरातली शेवटची. चारांतली एकच भिंत झाली होती.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर पंढरी, वाड्यातल्या बायका घागरी घेऊन त्याच्यामागं. पंढरीनं पाइप खांद्यावर घेतला आणि हौदाकडं आला. "सरका, ताई. भरून देतो अन् जातो. अजून दोन गावं हायत मला."

"भाऊ, थोडा वेळ थांबा," सिंधू म्हणाली. "भिंत उतरवून घ्यायची आहे."

"भिंत? उतरवून? ताई, टँकरला थांबायला सांगत्यात का कुणी? मी निघालो की हौदाला मग आठ दिवस न्हाई."

पाइपच्या तोंडापुढं रत्नम्मा येऊन उभी राहिली. तिला काय झालंय ते अजून पुरतं कळलं नव्हतं, पण धोंडाबाईचं तोंड तिनं पाहिलं होतं, आणि तसलं तोंड तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"जिल्हा नवा झाला, पण तू जुनाच का रे पंढरी? थांब म्हणल्यावर थांबावं."

"अगं पर कशापायी?"

"तुझ्या टँकरच्या आकड्यापायी!" धोंडाबाई हौदातून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मागं बघ. सात तीन नऊ तीन. त्या आकड्याचा वंश हाय ह्यो. तुझ्या टँकरचं नाव तीन दिवसांनी लातूरला मंचावर निघणार हाय, आन् तू पाणी ओतून बुडवतो का?"

पंढरीनं मागं वळून आपल्या टँकरकडं असं बघितलं, जसा तो आज पहिल्यांदाच दिसतोय. "माझ्या? ७३९३?"

"त्योच."

त्यानं पाइप खाली ठेवला. मग टोपी काढून डोकं पुसलं. "दोन गावं हायत मला," तो पुन्हा म्हणाला, पण आता तक्रार म्हणून नाही. "लवकर करा, ताई."

पाइपचं पाणी भिंतीवर सोडायला ग्यानोबा तयार नव्हता. त्या जोरानं चुना, कोळसा सगळंच सुटलं असतं. पाणी हवं होतं तांब्या-तांब्यानं, हळू. आणि दोन्ही घागरी रिकाम्या. धोंडाबाई कुणाला काही मागणार नव्हती. त्या हौदाशी तिनं कुणाला कधी नाही म्हटलं नव्हतं हे खरं, पण मागायची तिला सवय नव्हती. रत्नम्मानं आपली घागर टँकरच्या तोटीखाली भरली, डोक्यावर घेतली, आणि घराच्या वाटेला न लागता हौदाच्या कठड्यावर आणून आदळली.

"घे. मला म्हाईत हाय काय मनात म्हणून राहिलीस. उपकार न्हाई. तुझ्या जावयाला आंघोळ घालते."

मग दुसरी घागर आली. मग तिसरी. ज्या पाण्यावरून रोज एकमेकींच्या आईबापांचा उद्धार व्हायचा, ते पाणी बायका तांब्यानं भिंतीवर सोडत होत्या, लहान लेकराच्या डोक्यावरून सोडावं तसं. सिंधू वाचत होती, नरसिंग लिहीत होता, मित्रा पंढरीच्या खांद्यावर बसून त्याची टोपी चावत होती. खाली साचलेलं चुन्याचं पाणी ग्यानोबा बादलीत भरून ठेवत होता. दुसऱ्या हाताला होईल म्हणे.

तीन भिंती झाल्या. चौथी होत आली. आणि सिंधू कोपऱ्यात थबकली.

शेवटची ओळ तिथं नव्हती. चीर बुजवताना ग्यानोबानं कोपऱ्यावर सिमेंटचा पट्टा ओढला होता, आणि नेमकी ती ओळ त्याच्याखाली गेली होती. सिमेंटातून काही आरपार दिसत नाही.

"एकच राहिलाय," सिंधू म्हणाली. "आठ हजार पाचशे सत्त्याण्णव."

"एकानं काय होतंय?" पंढरी म्हणाला. "एवढे हरले, त्यो काय करणार?"

"एकानंच फुटतो, भाऊ. फुटायला एकच लागतो."

काल हरला होता म्हणे तो. पण कालचं आज कोण धरतं? सिंधूनं पाटी घेतली आणि ओल्या हौदात मांडी घालून बसली. धोंडाबाई तिच्या डोक्यावर पदराची सावली धरून उभी राहिली. कठड्यावरून बायका वाकल्या. पाटीवर पेन्सिल वाजत होती, बाकी काही नाही. रत्नम्माचे ओठ हलत होते; ती काय मोजत होती देव जाणे.

"आठ हजार सहाशे वेळा गेला," सिंधू पुटपुटली.

धोंडाबाईला दोन मोठी शून्यं दिसली. आणि शून्यं तिला आवडेनात. इतका गोल आकडा आला की वाटणी सरळ होते, एवढं तिला कळायला लागलं होतं. तिनं डोळे मिटले.

पेन्सिल थांबली.

"चार हजार नऊशे तेहतीस," सिंधू म्हणाली. "बाकी."

"म्हंजे उरली?" रत्नम्मानं विचारलं.

"उरली!"

"बाकी उरली गं!" रत्नम्मा ओरडली, आणि सगळा वाडा ओरडला. टँकरच्या दिवसांत, तळ दिसणाऱ्या घागरींच्या दिवसांत, काहीतरी उरलं म्हणून एवढा आनंद त्या अंगणात कधी झाला नव्हता. पंढरीनं टँकरचा भोंगा वाजवला. मित्रा दचकून रडायला लागली, तेव्हा धोंडाबाईनं तिला घेतलं आणि थोपटलं: सात तीन नऊ तीन, नऊ एक तीन तीन. या खेपेला बायकाही बरोबर म्हणाल्या.

मग हौद भरला. निळी चौकट पाण्याच्या वर एक वीत राहिली.

लातूरच्या मेळाव्यात सुरुवातीला कुणाला फारसं कौतुक नव्हतं. अमृतरावांनी वही उघडली, मधलेच चार-सहा आकडे निवडले आणि फळ्यावर स्वतः भागून बघितले. प्रत्येक वेळी बाकी वहीतल्यासारखीच आली. पाचव्या वेळी त्यांनी खडू ठेवला आणि सिंधूला पुढं बोलावलं. नाव घेतलं: "सिंधू रामकिशन सोनकांबळे," आणि तिच्याकडं बघून पुढं जोडलं, "ग्यानोबा गवंड्यांच्या सूनबाई."

सिंधूनं तो आकडा फळ्यावर मोठा लिहिला. टँकरची गोष्ट सांगितली. मग शेवटचा तीन पुसला. "फुटत नाही." पुन्हा तीन पुसला. "फुटत नाही." एक पुसला, नऊ पुसला. ७३९३ राहिला तेव्हा नरसिंगनं बाकावरून शिट्टी मारली आणि कुणीतरी त्याला 'गाडी निघाली का?' म्हणून दटावलं. शेवटी सातच राहिला, फळ्यावर एकटा, ताठ. धोंडाबाईला वाटलं, आपल्याला कुणी न बोलावताही आपण मंचावरच आहोत.

"एवढे भागाकार केलेत कुठं?" अमृतरावांनी विचारलं.

"हौदात, सर."

हसू उसळलं. अमृतरावही हसले. "आणि याच्या पुढं? नववा अंक लावून पाहिलात?"

"एक किंवा सात लावला तर तीननंच फुटतो," सिंधू म्हणाली. "तीन आणि नऊ लावून बघायचं राहिलंय. सगळे भागाकार करायचे तर एकेकाला जवळजवळ तिप्पट जागा लागेल."

मागच्या बाकावरून धोंडाबाई उठली. कडेवर मित्रा, निळ्या काठाचा पदर डोक्यावर. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपण बोलू, असं तिला घरून निघताना वाटलं नव्हतं.

"हौद भरलाय आता, साहेब!" ती म्हणाली. "पर घराची मागची भिंत हाय. बारा हात लांब. तिला चुना लावायचा न्हाई म्हणून मी कालच सांगून ठिवलंय."